उताराचे देणे

हे जगच्चालका, आधी तुला नमस्कार. ज्याच्या सत्तेने वारा वाहतो, ज्याच्या इच्छेने श्वास आत जातो आणि बाहेर येतो, ज्याने डोंगराला चढ दिला आणि चढाला उतारही दिला, त्या तुला नमस्कार. आम्ही चाकावर हात ठेवतो आणि म्हणतो, गाडी मी चालवतो. तू हसत असशील. हसून झाले की क्षमा कर, दयाघना, आणि आज ज्याची कथा सांगायची आहे त्या तुझ्या लेकराच्या मस्तकावर हात ठेव. त्याने कोणते मोठे काम केले नाही, कुठे त्याचा फोटो लागला नाही. एकतीस वर्षे त्याने गाडी चालवली, एवढीच त्याची ओळख. त्याला सारे गाव काटामामा म्हणते.

काटा म्हणजे पेट्रोलचा काटा. तो तळाला टेकला, तांबडा दिवा लागला, की इतर चालकांचा जीव टांगणीला लागतो. हा मात्र शांतपणे म्हणायचा, "अजून अठ्ठावीस किलोमीटर आहेत तिच्या पोटात." आणि सत्ताविसाव्या किलोमीटरला गाडी पंपाच्या दारात उभी असायची. ही विद्या त्याला एका वस्तादाने दिली होती. वस्ताद म्हणायचा, "चढाला तेल जळणारच, त्याला इलाज नाही. पण उताराला एक थेंब जरी जाळलास, तर मी तुला शिकवलं असं कुणाला सांगू नकोस." म्हणून घाट लागला की काटामामा गाडी न्यूट्रलला टाकायचा. इंजिनाचा चाकांशी संबंध सुटायचा, गाडी आपल्या वजनाने सुसाट निघायची, आणि हा नुसत्या ब्रेकवर तिला वळणावळणाने खाली आणायचा. धोक्याचे होते, खरे आहे. पण एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. ज्याचा त्याचा अभिमान असतो. त्याचा हा होता.

त्याच्या घरी तो, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण, अशी तीन माणसे. बहिणीला तो अक्का म्हणतो. अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा या अक्काने त्याला कडेवर घेऊन शाळेत पोहोचवले, स्वतःची शाळा सोडून. अशा बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, डोंगराखालच्या शहरातल्या इस्पितळात चार चार तास यंत्राला लावून रक्त धुवून आणायचे, तेव्हा पुढचे दोन दिवस मिळायचे. दिवसाचे पाणी मोजून द्यायचे. एका पेल्यावर बायकोने तांबड्या चिकटपट्टीची खूण केली होती; त्या खुणेच्या वर थेंब नाही. अक्का तो पेला उजेडाला धरायची आणि भावजयीला म्हणायची, "खूण जरा वर सरकली की काय गं? का माझीच दृष्टी अधू झाली?" दोघी हसायच्या. खूण कधी सरकली नाही.

डोंगरावरच्या रुग्णांसाठी इस्पितळाने विजेवर चालणारी गाडी घेतली आणि तिच्यावर काटामामाला नेमले. रुग्ण दोनच: एक अक्का, दुसरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, विज्ञान शिकवणारे. गाडी मुक्कामाला काटामामाच्या अंगणात. भिंतीवर जाड तारेचा चार्जर बसवला. आणि पहिल्याच दिवशी काटामामाने पाहिले, की या गाडीत काटाच नाही! काचेच्या पडद्यावर एक आकडा. शंभर म्हणजे भरलेली, शून्य म्हणजे संपली.

गाडी द्यायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, "मामा, उताराला गिअर डीमध्येच, म्हणजे ड्राइव्हमध्येच, ठेवायचा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. ही उताराला आपली आपण भरते."

"भरते? फुकट? कुणाच्या घरचं?"

"उताराच्या घरचं."

काटामामा पोट धरून हसला. सांगितल्याप्रमाणे त्याने केले, कारण गाडी इस्पितळाची होती. विश्वास मात्र ठेवला नाही. घाट उतरताना आकडा वर जातो हे तो रोज पाहत होता. त्यावर त्याचा स्वतःचा सिद्धांत होता. "यंत्राचा अंदाज आहे तो," तो सांगायचा, "चढाला घाबरून कमी बोलतं, उताराला शुद्धीवर येतं."

सज्जनहो, आज्ञा पाळणे आणि आज्ञेचा अर्थ जाणणे यांत अंतर असते. सुखाच्या दिवसांत ते अंतर दिसत नाही.

आणि दिवस सुखाचे होते! इस्पितळापर्यंत सहासष्ट किलोमीटर: बावीस सपाटीचे, चौदा घाटाचे, आणि खाली उतरल्यावर तीस पुन्हा सपाट. सकाळी निघताना शंभर, घाटाच्या तोंडाशी नव्वद, घाट संपला की चौऱ्याण्णव, इस्पितळाच्या आवारात ऐंशी. अक्का पुढे बसायची, आणि घाट लागला की पडद्यावर डोळे लावून बसायची. "नव्वद... थांब थांब... एक्क्याण्णव! टाकला बघ देवाने एक खिशात." पुढच्या वळणाला, "ब्याण्णव! अरे, खाली जाताना वाढणारी ही एकच गोष्ट बघितली मी आयुष्यात."

मागून मास्तर घसा खाकरायचे. "अक्का, त्याचं असं आहे, की चाकं मोटार उलटी—"

"मास्तर, शाळा सुटली!"

तिघे हसायचे. रोज तेच वाक्य, रोज तिथेच अडायचे, आणि रोज हसायचे. खाली पोहोचले की अक्का आणि मास्तर यंत्राला, आणि आवारात गाडी चार्जरला. मास्तर म्हणायचे, "आपणही चार तास, तीही चार तास. तिला सुई टोचत नाहीत एवढीच ती नशीबवान."

त्या दिवसांत कोपऱ्यावरचा न्हावी दाढी करता करता विचारायचा, "मामा, घ्यावी म्हणतो अशी गाडी. रोजच्याला चालेल का हो?"

"रोजच्याला?" साबणाच्या फेसातून काटामामा म्हणायचा, "सोन्यासारखी. आवाज नाही, धूर नाही, पंपावर रांग नाही. घे डोळे झाकून."

मग ते वादळ आले. सोमवारी संध्याकाळी गाडी अंगणात लागली. चढ चढून आल्यामुळे आकडा अठ्ठावन्न होता. तार लावून पाव तासही झाला नसेल, तोच वारा सुटला आणि दिवे गेले. रात्रभर झाडे मोडत होती. सकाळी घाटात दोन ठिकाणी रस्ता बंद, विजेचे खांब आडवे, फोन मुके. मंगळवार गेला. बुधवारी अक्काचा आणि मास्तरांचा यंत्राचा दिवस होता, तोही गेला. या तीन दिवसांत काटामामा स्वस्थ बसला नाही. कुणाच्या अंगावर पत्रा पडला, कुणाचा पाय भिंतीखाली सापडला. त्यांना घेऊन तो वाड्यावस्त्यांवरून गावातल्या छोट्या दवाखान्यात फेऱ्या घालत राहिला. वायरमन म्हणत होता, "संध्याकाळपर्यंत येईल लाइट." रोज संध्याकाळ यायची. लाइट यायची नाही. देवा, ज्या चार्जिंगने त्याने परक्यांचे जीव वाचवले, ते त्याच्या घरच्या वाट्याचे होते, हे तुला ठाऊक होते.

गुरुवारी रात्री उशिरा घाट मोकळा झाल्याची खबर आली. शुक्रवारी पहाटे बायकोने अक्काला हात देऊन उठवले. पाय सुजून खांबासारखे झाले होते. चार पावलांत तीनदा दम लागत होता. चार दिवसांचे पाणी अंगात साठले होते. गाडीचा आकडा होता बावीस.

"अहो, पुरेल ना?" बायकोने विचारले. "दुसरं काही बघू या का?"

दुसरे काय होते? शेजाऱ्याच्या टेंपोची टाकी कोरडी, आणि विजेवाचून पंपाचे यंत्रही तेल ओढत नव्हते. खालून रुग्णवाहिका बोलवावी तर फोन नाही.

"वीस लागतात," काटामामा म्हणाला, "बावीस आहेत. आणि वर मी आहे की!"

सपाटीचे बावीस किलोमीटर त्याने फुलासारखी गाडी चालवली. मागे मास्तर काचेला डोके टेकून, डोळे मिटून पडले होते. त्यांनाही मळमळत होते. घाटाचे तोंड आले तेव्हा आकडा बारा.

खाली उतरल्यावर अजून तीस किलोमीटर, आणि आकडा बारा! शेजारी बहिणीचा श्वास घरघरतो आहे. अशा वेळी माणूस नव्या शिकवणीवर विसंबत नाही. तो आपल्या जुन्या विद्येकडे धावतो, जसे मूल अंधारात आईकडे धावते. काटामामाला वस्ताद आठवला. उताराला एक थेंब जाळू नकोस. त्याने मनात देवाचे नाव घेतले, आणि एकतीस वर्षांच्या सगळ्या कौशल्यानिशी, सगळ्या मायेनिशी, बहिणीला वाचवण्यासाठी, गाडी न्यूट्रलला टाकली.

गाडी सुटली. हा ब्रेकवर तिला खाली आणू लागला. पहिले वळण गेले. दुसरे गेले. तिसऱ्या वळणाला अक्काने पडद्याकडे बोट केले. शब्द एकेक करून आला. "आज... चढत नाही रे तो."

"गप बस गं अक्का! वाचवतोय ना मी."

अक्काने बोट खाली घेतले.

घाटाच्या तळाशी आकडा बाराचा बाराच होता, आणि जळलेल्या ब्रेकचा वास येत होता. काटामामाच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा हसू आले. "बघितलंस? चौदा किलोमीटर आलो, एकही गेला नाही."

तिने मान हलवली. काय म्हणायचे होते, ते तिचे तिलाच ठाऊक.

पुढच्या सपाटीवर आकडा उतरत गेला. नऊ. सहा. तीन. मग पडद्यावर एका कासवाचे चित्र उमटले; बॅटरी संपत आली की ते दिसते आणि गाडी मंदावते. अक्का पुटपुटली, "कासव आलं." कौलांच्या कारखान्याच्या लांब भिंतीपाशी गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. समोर मैलाचा दगड होता. शहर पाच किलोमीटर.

पेट्रोलची गाडी असती, तर कुणाकडून बाटलीभर मागून आणले असते. ही बाटलीत मागता येत नाही. काटामामा खाली उतरून ढकलू लागला. साठीच्या घरातला माणूस, दोन आजारी माणसे आत, आणि पायाखाली पाच किलोमीटर. शंभर पावलांवर तो गुडघ्यांवर बसला. वादळानंतरचा रस्ता ओस होता. एक मोटारसायकल गेली. तिच्यावर आधीच तिघे होते.

अक्काने काच खाली केली. "मी तुला... कडेवर न्यायची शाळेत," ती म्हणाली. मध्ये थांबली, श्वास गोळा केला. "तेव्हा कुठं होतं रे चार्जिंग?"

तो हसला आणि रडला. एकाच वेळी दोन्ही.

विटांचा ट्रक आला तेव्हा तासाच्या वर वेळ गेला होता. ट्रकचालक ओळखीचा होता. लांबूनच ओरडला, "काय काटामामा! काटा चुकला का?" जवळ येऊन आत पाहिले आणि धावत जाऊन केबिनचे दार सताड उघडले. तो, त्याचा क्लीनर आणि काटामामा, तिघांनी मिळून आधी मास्तरांना, मग अक्काला त्या उंच केबिनमध्ये चढवले. पाण्याने जड झालेला देह. उचलताना तिचा हात काटामामाच्या मानेभोवती होता, जसा एकेकाळी त्याचा तिच्या मानेभोवती असायचा.

इस्पितळात धावपळ झाली. यंत्र लागले. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला अक्काचे हृदय थांबले, आणि सगळे उपाय करूनही ते पुन्हा चालू झाले नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. काटामामाने एकच प्रश्न विचारला. "तासभर आधी आलो असतो तर?"

"मामा, चार दिवसांनी नुकसान केलं. एका तासाचं मला सांगता येणार नाही."

"नाही म्हणता का?"

"सांगता येणार नाही म्हणते." बाई खऱ्या होत्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही.

दुपारी गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून आवारात आणली गेली आणि चार्जरला लागली. काटामामा तिच्याशेजारी पायरीवर बसला होता. मास्तरांचे यंत्र संपले. दंडावर पट्टी दाबून ते त्याच्याजवळ येऊन बसले. काटामामा म्हणाला, "मास्तर, न्यूट्रल मारून आणली मी. एकही टक्का जाऊ दिला नाही. तरी का संपली?"

मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. हे त्यांनी पाहिले नव्हते. "कोण जाणे" असे ते म्हणू शकले असते. पण जन्मभर फळ्यावर खरे लिहिलेला हात. त्यांनी हळूहळू सांगितले: "उताराला गाडी डीमध्ये असली, की चाकं मोटार फिरवतात, मोटार वीज करते, ती बॅटरीत परत जाते. आकडा चढतो तो अंदाज नाही, मामा. ती खरी वीज आहे. न्यूट्रलला ती वाट बंद होते. सगळं ब्रेकमध्ये जळून जातं."

"किती?"

"मामा, राहू दे."

"किती, मास्तर?"

"चार टक्के. आठएक किलोमीटर."

कमी पडले होते पाच.

कारखान्याच्या भिंतीपाशी मदतीसाठीही त्याने जेवढी मोठी हाक मारली नव्हती, तेवढी मोठी हाक त्याच्या तोंडून निघाली. आवारातली माणसे वळून पाहू लागली. आणि मास्तर, हात जोडून, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी रोज सांगायला लागायचो. रोज. पण वाक्य कधी पुरं केलं नाही."

पंधरा दिवस काटामामाने किल्लीला हात लावला नाही. गाडी इस्पितळाने खाली नेली. खालचाच एक जुना चालक वर येऊन मास्तरांना घेऊन जाऊ लागला. काटामामा ओट्यावर बसे. बायको विचारी, "जेवता ना?" तो म्हणे, "तिनं सांगितलं होतं गं. चढत नाही म्हणाली होती. मी गप बस म्हणालो." बायकोने तांबड्या खुणेचा पेला घासून पालथा ठेवला होता; एके दिवशी तिने पाहिले, की तो त्याच पेल्याने, त्याच खुणेपर्यंत मोजून पाणी पितो आहे. ती मोरीत जाऊन रडली.

एका रविवारी सकाळी मास्तर काठी टेकत दारात आले.

"उद्या सोमवार आहे, मामा."

"आहे."

"तो खालचा चालक बरा आहे. वेळेवर येतो." मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. "घाटात न्यूट्रल मारतो."

काटामामाने मान वर केली.

"मी सांगायला गेलो, अहो असं करू नका, त्यानं काय होतं ते सांगतो. तर म्हणाला, आजोबा, गप बसा, तीस वर्षं चालवतोय."

"गप बसा म्हणाला?"

"हो."

काटामामा उठला. बायकोला म्हणाला, "माझा सदरा दे. खाली जाऊन गाडी घेऊन येतो."

सोमवारी सकाळी मास्तर नेहमीसारखे मागेच बसले. पुढची जागा रिकामी. घाटाचे तोंड आले, आकडा नव्वद. काटामामाने पाय उचलला. गाडी आपोआप आवरती झाली, जणू कुणी मागून पदर धरला. पहिल्या वळणाला आकडा बदलला. दुसरे वळण आले, तेव्हा काटामामा म्हणाला, "ब्याण्णव." मग गाडी कडेला घेऊन, इंडिकेटर लावून, तो थोडा वेळ बसून राहिला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते निघाले, आणि वेळेत पोहोचले.

परवा न्हाव्याने पुन्हा विचारले. "मामा, खरं सांगा. रोजच्याला चालेल का ही गाडी?"

"चालेल," काटामामा म्हणाला. "रात्री घरच्या घरी लावायची सोय हवी. रोज किती जायचं ते मोजून त्याच्या दुप्पट पुरेल अशी घे. लाइट जायची चिन्हं दिसली, की आधी ती भर, मग जेवायला बस. आणि कुणी घरी आजारी असेल, तर ती कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. कुणी कितीही हाक मारली तरी." हे म्हणताना त्याने आरशातून नजर काढली. कारण हाक आली तर तो जाणारच, हे त्यालाही ठाऊक आहे. "आणि उताराला न्यूट्रल मारू नकोस. शेजारी बसलेलं माणूस काही म्हणालं, तर ऐक."

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला होता.

दयाघना, या माणसाच्या काळजात जो काटा रुतला आहे, तो तू काढशील की नाही, मला ठाऊक नाही. काढू नकोस म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि काढ म्हणण्याचे धैर्य नाही. पण त्याच्या हाताला बळ दे. जिच्या मोजक्या पाण्याला तू खूण घातलीस, त्या अक्काला तुझ्या घरी ओंजळ भरभरून पाणी मिळू दे. मास्तरांचे वाक्य आता कुणी तोडू नये. काटामामाच्या घरच्या त्या माउलीच्या चुलीवर दोघांपुरते का होईना, गरम अन्न शिजत राहू दे. त्या अंगणातल्या भिंतीवरच्या चार्जरचा दिवा तेवत राहू दे. आणि हे जगच्चालका, त्या भावाच्या आयुष्याचा उतार आता लागला आहे. वळणावळणाला त्याच्या पदरात थोडे थोडे परत घाल. त्याचे कल्याण असो. त्याच्या घराचे कल्याण असो.